वॉशिंग सेंटरच्या भिंतींवरचा चिवट राप सुरक्षितपणे कसा काढावा?

सोलापूरकर (प्रश्न)

नमस्कार. सोलापूर शहराबाहेर महामार्गालगत आमचे गाड्या धुण्याचे छोटे सेंटर आहे. दोन बे, म्हणजे गाडी उभी करून धुण्याचे कप्पे, आहेत. एकात मोटारी धुतल्या जातात आणि दुसऱ्यात टेम्पो, ट्रॅक्टर, क्वचित ट्रकही येतात. भिंतींना साधारण सात फुटांपर्यंत पांढऱ्या चकचकीत सिरॅमिक टाइल्स आहेत, त्यांच्या वर रंगवलेला सिमेंटचा गिलावा आहे आणि दर्शनी बाजूला एसीपीचे (अॅल्युमिनियम कॉम्पोझिट पॅनेलचे) पत्रे लावले आहेत. पाणी पूर्णपणे बोअरचे आहे.

टाइल्सवर आता असा राप चढला आहे की जेट पंपाने कितीही पाणी मारले तरी तो हलत नाही. खालच्या तीन फुटांत काळपट, तेलकट थर आहे. त्याच्या वर पांढरट, हाताला खरखरीत लागणारे डाग आणि ओघळ आहेत. उत्तरेकडच्या कोपऱ्यात ऊन येत नसल्यामुळे तिथे शेवाळ आणि काळी बुरशी धरली आहे. गाड्यांच्या शॅम्पूने घासून पाहिले, तारेची घासणीही वापरून पाहिली. तिने टाइलवर ओरखडे मात्र उठले.

मध्यंतरी एका विक्रेत्याने लेबल नसलेला कॅन आणून दिला आणि पाच मिनिटांत भिंत नव्यासारखी होईल असे सांगितले. भिंत खरोखरच उजळली. परंतु ते मारणाऱ्या मुलाच्या बोटांत त्याच रात्री विलक्षण ठणका सुरू झाला, आणि कातडीवर मात्र लालीसुद्धा दिसत नव्हती. सकाळी डॉक्टरांकडे नेल्यानंतर तो बरा झाला. तो कॅन आम्ही बाजूला ठेवला आहे. भिंती स्वच्छ करण्याची अशी पद्धत हवी आहे की ज्यामध्ये काम करणाऱ्यांना इजा होणार नाही, टाइल्सची चकाकी टिकेल आणि मागच्या गटारात जाणाऱ्या पाण्याचाही प्रश्न निर्माण होणार नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

---

प्रयोगशाळा

भिंतीचे नंतर पाहू, आधी त्या कॅनविषयी लिहितो, कारण आपण सांगितलेले लक्षण गंभीर आहे. कातडीवर काहीही दिसत नाही आणि काही तासांनी आतून हाड ठणकल्यासारखी वेदना सुरू होते, ही हायड्रोफ्लोरिक आम्लाची ओळख आहे. कॅन न तपासता त्यात तेच होते असे मी म्हणणार नाही, परंतु गाड्यांची चाके आणि वॉशिंगच्या भिंती उजळवणाऱ्या ‘झटपट’ द्रावणांमध्ये ते आम्ल किंवा त्याचेच रूप असलेले अमोनियम बायफ्लोराइड वापरले जाते, हे जगभर माहीत आहे. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात २००१ ते २०१३ या काळात गाड्या धुणाऱ्या कामगारांच्या नुकसानभरपाईच्या दाव्यांमध्ये या आम्लाने भाजल्याची ४८ प्रकरणे आढळली होती. आपल्याकडे अशी नोंद कोण ठेवतो, हा प्रश्नच आहे.

या आम्लाचा धोका असा की ते कातडीतून आत शिरते आणि फ्लोराइड शरीरातील कॅल्शियमला बांधून टाकते. द्रावण २० टक्क्यांपेक्षा सौम्य असेल तर लक्षणे दिसायला २४ तासांपर्यंतही वेळ लागू शकतो, त्यामुळे माणूस काम संपवून घरी जातो आणि रात्री त्रास सुरू होतो. संपर्क मोठा असेल तर रक्तातील कॅल्शियम घसरून हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो आणि जीवही जाऊ शकतो. यावर प्रथमोपचार म्हणजे ताबडतोब भरपूर वाहते पाणी, त्यानंतर २.५ टक्क्यांचे कॅल्शियम ग्लुकोनेट जेल, आणि जेल लावून वेदना थांबली तरीही रुग्णालय. पुन्हा कोणालाही असा त्रास झाला तर डॉक्टरांना ‘फ्लोराइडचा संशय आहे’ हे स्वतःहून सांगावे, कारण नुसते ‘टाइल क्लीनर लागले’ असे ऐकून ते साध्या भाजण्याचे मलम देण्याची शक्यता असते.

यापुढे लेबल नसलेले कोणतेही द्रावण घेऊ नये. विक्रेत्याकडे सुरक्षा माहितीपत्रक मागावे. चांगली कंपनी ते देतेच. त्यामध्ये ७६६४-३९-३ हा क्रमांक दिसला तर ते हायड्रोफ्लोरिक आम्ल आहे आणि १३४१-४९-७ हा दिसला तर अमोनियम बायफ्लोराइड. दोन्ही आपल्या कामासाठी नकोत. ‘भिंत उजळली’ असे आपण लिहिले आहे, त्याचेही कारण हेच असू शकते. हे आम्ल काच विरघळवते आणि टाइलवरचा चकचकीत थर हा शेवटी काचेचाच असतो. दोन-चार वेळा मारले की टाइल निस्तेज होते, तिच्यात सूक्ष्म खड्डे पडतात आणि पुढचा राप आधीपेक्षा लवकर व घट्ट धरतो. शेजारी उभ्या असलेल्या गाडीच्या काचेवर थेंब उडाले तर तिथेही धुरकट डाग कायमचे राहतात.

आता भिंतीकडे वळू. आपण ज्याला एकच राप समजत आहात ते तीन वेगवेगळे थर आहेत. खालचा काळा थर म्हणजे डिझेलची काजळी, ग्रीस, टायरची झीज आणि ब्रेकमधून निघणारी लोखंडी धूळ यांचे तेलात बसलेले मिश्रण. ते अल्कधर्मी द्रावणाने सुटते. पांढरे डाग म्हणजे बोअरच्या पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार. ते आम्लाने सुटतात. कोपऱ्यातील हिरवट भाग सजीव आहे आणि त्याचा उपाय वेगळा आहे. यात अडचण अशी की क्षारांवर तेलाचा पापुद्रा आणि तेलावर पुन्हा क्षार, असे हे थर एकमेकांत गुंतलेले असतात, म्हणून एकच द्रावण कितीही कडक घेतले तरी ते अर्ध्यावर अडते.

खात्री करायची असेल तर दाराआड एका टाइलवर लिंबाचा रस टाकून पाहावा. बुडबुडे आले तर क्षार उघडे आहेत. काहीच झाले नाही तर आधी तेच ठिकाण गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणाने घासून, धुऊन पुन्हा रस टाकावा. आता बुडबुडे आले तर वर तेलाचा थर होता हे सिद्ध झाले.

म्हणून क्रम असा ठेवावा. पहिल्या फेरीत अल्क, मध्ये भरपूर पाणी, मग सौम्य आम्ल, पुन्हा पाणी आणि शेवटी साध्या डिटर्जंटचा हात. ही शेवटची फेरी बहुतेक लोक गाळतात. साबण आणि कठीण, म्हणजे क्षारांचे, पाणी यांच्या संयोगातून जो चिकट पांढरा साका तयार होतो, त्याचे आम्लाने विघटन झाल्यावर मागे स्निग्धाम्ले उरतात आणि भिंत हाताला तुपकट लागते. ती डिटर्जंटनेच निघतात.

अल्क म्हणून कॉस्टिक सोड्याच्या वाटेला न जाता धुण्याचा सोडा घ्यावा. एक लिटर कोमट पाण्यात २० ते ३० ग्रॅम सोडा आणि थोडे द्रव डिटर्जंट पुरते. आम्लासाठी माझी पसंती सल्फॅमिक आम्लाला आहे. ते पांढऱ्या स्फटिकांच्या रूपात मिळते, त्याच्या वाफा उठत नाहीत आणि एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम टाकले की पाच टक्क्यांचे द्रावण तयार होते. सायट्रिक आम्लही चालते, पण थर जाड असेल तर त्यातून कमी विरघळणारे कॅल्शियम सायट्रेट तयार होऊन काम रेंगाळते. पाणी आधी घ्यावे आणि आम्ल त्यात टाकावे, उलट कधीही करू नये.

---

जेट_आणि_फोम

वरील प्रतिसादातील रसायनशास्त्र योग्यच आहे. मी स्वतः कोल्हापुरात वॉशिंग सेंटर चालवतो, म्हणून प्रत्यक्ष कामाच्या पद्धतीबद्दल लिहितो, कारण चांगले द्रावणही चुकीच्या हातात वाया जाते.

द्रावण भिंतीवर नेहमी खालून वर मारत जावे. वरून मारले तर कोरड्या, मळलेल्या भागावरून ओघळ खाली येतात आणि त्यांचे पट्टे नंतर निघता निघत नाहीत. धुताना मात्र वरून खाली यावे. एका वेळी हात पोहोचेल एवढाच पट्टा घ्यावा. संपूर्ण भिंत एकदम भिजवली तर दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचेपर्यंत पहिले टोक वाळलेले असते आणि वाळलेले द्रावण हा आणखी एक नवा डाग होतो. पाच ते दहा मिनिटे मुरू द्यावे, तेवढ्यात वाळू लागले तर पुन्हा ओले करावे. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर असतो तेव्हा हे काम पहाटेच करावे, तापलेल्या टाइलवर तर मुळीच करू नये.

आम्ल गाडीवर साबणाचा फेस मारण्याच्या फोमच्या टाकीत भरू नये, ही माझी आग्रहाची सूचना आहे. ती टाकी कॉम्प्रेसरच्या दाबावर चालते. आतून गंजलेली दाबाची टाकी फुटली तर काय होईल ते सांगायला नको. जेट पंपातूनही आम्ल ओढू नये. सील आणि व्हॉल्व्ह जातातच, शिवाय त्या दाबाने आम्लाचे तुषार हवेत पसरून थेट श्वासात जातात. शेतीच्या फवारणीचा प्लॅस्टिकचा पाठीवरचा पंप यासाठी उत्तम आहे. फक्त त्याचा नोझल धुके न करता जाड थेंब टाकणारा असावा आणि पंपावर ठळक अक्षरांत ‘फक्त भिंतीसाठी’ असे रंगवून ठेवावे, म्हणजे कोणी तो शेतावर नेणार नाही.

घासण्यासाठी लांब दांड्याचा नायलॉनचा ब्रश घ्यावा. तारेची घासणी आता पुन्हा हातात घेऊ नका. ओरखडे तर पडतातच, पण तिचे लोखंडी कण सांध्यांत अडकून गंजतात आणि महिनाभराने तांबूस ठिपके उमटतात. जेटला २५ किंवा ४० अंशांचा पसरट नोझल लावावा. शून्य अंशाची सरळ धार जवळून मारली तर मळ निघण्याआधी टाइल्सच्या सांध्यांतला सिमेंट निघतो, आणि एकदा सांधा पोकळ झाला की पाणी टाइलच्या मागे जाऊन टाइल सुटते.

आम्ल मारण्यापूर्वी भिंत साध्या पाण्याने पूर्ण भिजवून घ्यावी. सांध्यांची छिद्रे आधीच पाण्याने भरलेली असली की आम्ल आत शोषले जात नाही.

---

गॅरेजवाला_नगर

एवढा खटाटोप कशासाठी, हे कळले नाही. आमच्याकडे हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे साधे अॅसिड, म्हणजे हायड्रोक्लोरिक, चार पट पाणी घालून वर्षानुवर्षे वापरले जाते. स्वस्त आहे, क्षार डोळ्यांसमोर फसफसून निघतात आणि आजवर कोणाला काही झालेले नाही. कोपऱ्यातल्या शेवाळासाठी त्यातच थोडे ब्लीच टाकले की एका फेरीत काम होते.

---

प्रयोगशाळा

नगरच्या सन्माननीय सदस्यांच्या शेवटच्या वाक्यावर कोणीही अंमल करू नये, अशी कळकळीची विनंती आहे. ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. त्यात कोणतेही आम्ल मिसळले की क्लोरीन वायू सुटतो. तीन बाजूंनी बंद असलेल्या बेमध्ये तो हवेपेक्षा जड असल्याने खालीच साचतो आणि फुप्फुसांना इजा करतो. मिश्रण बादलीतच व्हावे लागते असेही नाही. सकाळी ब्लीच मारलेली भिंत नीट न धुता दुपारी आम्ल मारले तरी तेच होते. गटारात दोन्ही एकत्र आले तरीही तेच.

हायड्रोक्लोरिक आम्लाने क्षार निघतात, हे खरे आहे. परंतु बाजारात ते साधारण ३० टक्क्यांच्या आसपास मिळते आणि त्याच्या बाटलीचे झाकण उघडताच वाफा निघतात. चार पट पाणी घातल्यावरही ते माझ्या सल्फॅमिकच्या द्रावणापेक्षा पुष्कळ कडक राहते. या वाफा लिफ्टच्या खांबांवर, पंपाच्या मोटारीवर, हत्यारांवर आणि धुवायला आलेल्या गाडीच्या क्रोमवर बसून गंज आणतात. क्लोराइडमुळे स्टेनलेस स्टीललाही बारीक छिद्रे पडतात. सांध्यांतला सिमेंट तर ते क्षारांइतक्याच आवडीने खाते. डोळ्यांसमोर येणारा फेस बऱ्याचदा मळाचा नसून आपल्याच भिंतीचा असतो. खरेदीचेही बंधन आहे: २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आम्लांच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध घातल्यापासून विक्रेत्याने खरेदीदाराचे ओळखपत्र पाहून नोंद ठेवणे अपेक्षित आहे.

शेवाळासाठी वेगळा दिवस ठरवावा. चार ते पाच टक्क्यांचे ब्लीच एका भागाला दहा भाग पाणी घेऊन कोपऱ्यात लावावे, दहा मिनिटांनी भरपूर पाण्याने धुवावे आणि त्या आठवड्यात तिथे आम्ल नेऊ नये. त्या कोपऱ्यात हवा खेळती झाल्याशिवाय ते परत येणारच, हे मात्र गृहीत धरावे.

---

तीन_फेज

मी विद्युत कंत्राटदार आहे, म्हणून माझ्या क्षेत्रापुरते लिहितो. भिंत धुताना त्या भिंतीवरचा स्विचबोर्ड, पंपाचा स्टार्टर आणि दिव्यांच्या जोडण्या यांचा पुरवठा मुख्य ठिकाणाहून बंद करावा आणि बोर्डावर प्लॅस्टिक घट्ट बांधावे. जेट पंप चालवण्यासाठी त्या भिंतीशी संबंध नसलेल्या जागेवरून वेगळा पुरवठा घ्यावा, आणि त्यावर ३० मिलिअँपिअरचा गळती संरक्षक, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, असलाच पाहिजे. तो आहे एवढ्यावर समाधान न मानता त्याचे चाचणीचे बटण दाबून पाहावे. अनेक सेंटरांमध्ये तो वारंवार पडतो म्हणून परस्पर वगळलेला मी पाहिला आहे. वारंवार पडतो याचा अर्थ कुठेतरी खरोखर गळती आहे.

रबरी हातमोजे आणि गमबूट यांबद्दलही एक निरीक्षण आहे. पँट बुटाच्या आत खोचली तर अंगावरून ओघळलेले द्रावण थेट बुटात साचते. पँट बाहेरून असावी. वर हात करून काम करताना मोज्याची कड बाहेर दुमडलेली ठेवावी, म्हणजे ओघळ कोपरापर्यंत जात नाही.

---

सोलापूरकर

सर्वांचे मनापासून आभार. तो कॅन कुलूपबंद ठेवला आहे आणि विक्रेत्याला माहितीपत्रक मागितले आहे. त्याने अद्याप उत्तर दिलेले नाही. लिंबाची चाचणी केली. प्रथम काहीच झाले नाही आणि साबणाने धुतल्यानंतर त्याच टाइलवर फेस आला, म्हणजे वर तेलाचा थर होता हे स्पष्ट झाले. बोअरचे पाणीही तपासून घेतले. एकूण कठीणपणा लिटरमागे ६०० मिलिग्रॅमच्या वर निघाला.

तीन शंका उरल्या आहेत. एसीपीचे पत्रे आणि वरचा रंगवलेला गिलावा यांवर हीच द्रावणे चालतील का? धुतलेले पाणी तेल अडवणाऱ्या चेंबरमधून गटारात जाते, तेवढे पुरेसे आहे का? आणि मास्क कोणता घ्यावा, कारण मुले कापडी रुमाल बांधतात?

---

प्रयोगशाळा

एसीपीचा पृष्ठभाग अॅल्युमिनियमचा असतो. वरचा रंग त्याचे संरक्षण करतो, परंतु कापलेल्या कडा आणि स्क्रूची छिद्रे उघडी असतात, आणि अल्क व आम्ल दोन्ही अॅल्युमिनियमला खातात. तिथे कोमट पाणी, साधे डिटर्जंट आणि मऊ फडके याशिवाय काहीही नको. पेट्रोल किंवा थिनरने पुसण्याची पद्धत सर्रास दिसते. त्याने रंग मऊ पडतो आणि जवळच मोटार चालू असेल तर आगीला निमंत्रण मिळते. गिलाव्यालाही डिटर्जंटच वापरावे, तेवढ्याने भागले नाही तर तो पुन्हा रंगवून घेणे स्वस्त पडते.

कापडी रुमाल आणि धुळीचा मास्क यांनी आम्लाची वाफ अडत नाही. सल्फॅमिक वापरल्यास वाफेचा प्रश्न जवळपास संपतो आणि उरतात ते तुषार. त्यासाठी चारही बाजूंनी बंद असणारा रासायनिक चष्मा, त्यावर चेहऱ्याची ढाल, मनगटाच्या वर येणारे नायट्रिलचे हातमोजे आणि पीव्हीसीचा एप्रन एवढे हवेच. मोजे घालण्यापूर्वी त्यांत हवा भरून दाबून पाहावे, सुईएवढे छिद्रही कळते. डोळ्यांत काही उडाले तर निदान १५ ते २० मिनिटे वाहत्या पाण्याखाली डोळा उघडा धरून ठेवावा. पाण्याची नळी कुठे आहे हे काम सुरू करण्यापूर्वी प्रत्येकाला माहीत असावे.

गटाराबाबत दोन गोष्टी आहेत. सांडपाण्याच्या सर्वसाधारण निकषांनुसार पीएच ५.५ ते ९ च्या दरम्यान असावा लागतो आणि सार्वजनिक गटारात सोडलेल्या पाण्यात तेल व ग्रीस लिटरमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. आम्लाच्या फेरीचे पाणी वेगळ्या टाकीत घ्यावे आणि त्यात थोडा थोडा धुण्याचा सोडा टाकत फेस येणे थांबेपर्यंत ढवळावे; पीएचच्या कागदी पट्ट्यांवर खात्री करूनच सोडावे. दुसरी गोष्ट चेंबरची. तेल पाण्यावर तरंगते म्हणून ते चेंबरमध्ये अडते, परंतु सोडा आणि डिटर्जंट त्याच तेलाचे बारीक थेंब करून ते पाण्यात मिसळून टाकतात आणि मग ते चेंबरमधून सरळ पुढे जाते. त्यामुळे पहिल्या फेरीचे पाणीही टाकीत रात्रभर ठेवावे, वर आलेले तेल काढून घ्यावे आणि मगच खालचे पाणी सोडावे. काढलेले तेल जुन्या इंजिन ऑइलच्या पिंपात जमा करावे.

काही पांढरे ठिपके एवढे सगळे करूनही राहतील. ते सिलिकाचे असतात आणि हायड्रोफ्लोरिक सोडून कोणत्याही आम्लाला दाद देत नाहीत. माझ्या मते ते तसेच राहू द्यावेत. भिंतीच्या चार ठिपक्यांसाठी कोणाची बोटे धोक्यात घालणे योग्य नाही.

---

जेट_आणि_फोम

आपल्या पाण्याचा आकडा पाहता, भिंत आज लख्ख केली तरी दोन महिन्यांत पांढरे ओघळ परत दिसतील. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा २०० आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅम आहे. आपण त्याच्याही पुढे आहात. संपूर्ण सेंटरसाठी सॉफ्टनर, म्हणजे पाण्याचा कठीणपणा काढणारे यंत्र, बसवणे महागात जाते, पण शेवटच्या धुण्यापुरती छोटी लाइन वेगळी काढता येते. ग्राहकाच्या गाडीवर पांढरे थेंब राहत नाहीत म्हणून आम्ही ती बसवली, आणि भिंतींचा फायदा आपोआप झाला. सॉफ्टनर घेताना विक्रेता टीडीएसचा, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांचा, मीटर लावून दाखवेल, तिकडे लक्ष देऊ नका. सॉफ्टनरमध्ये कॅल्शियमच्या जागी सोडियम येतो, त्यामुळे टीडीएस जवळपास तेवढाच राहतो. कठीणपणा मोजणारे थेंबांचे किट वेगळे मिळते, ते मागा.

तोपर्यंत रोज सेंटर बंद करताना टाइल्सवर वायपर फिरवा. पाणी भिंतीवर वाळलेच नाही तर क्षार मागे राहत नाहीत, आणि दोन्ही बेना मिळून एका माणसाचे जेमतेम पाव तासाचे काम असते. आठवड्यातून एकदा खालच्या तीन फुटांना सोडा-डिटर्जंटचा हात मारला तर काळा थर घट्ट होण्याआधीच निघतो आणि आम्लाची गरज वर्षातून एक-दोनदाच भासते.

सॉफ्टनरमधले कॅल्शियम धरून ठेवणारे दाणे, म्हणजे रेझिन, मिठाच्या पाण्याने धुतल्यावर जे पाणी बाहेर पडते ते अतिशय खारे असते. ते झाडांना किंवा बोअरजवळच्या मातीत सोडू नये. त्याची नळी सुरुवातीलाच गटाराच्या लाइनला जोडून घ्यावी.